बास पातळ का वाजतो?

मंडळी, बासबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते : "वाजतोय खरा, पण जाणवत नाही." मग मोठा ॲम्प येतो, त्यामागून पेडल येतं, शेवटी पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारा भाग) बदलला जातो आणि तक्रार जागच्या जागी राहते. आज या टेबलावर बास गिटार आहे, शेजारी डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखा दिसणारा पण माणसाएवढा उंच बास, उभा आहे, आणि मला बोलायचं आहे ते दोघांच्या सांध्यांबद्दल. तार फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) टेकते तो सांधा, ब्रिजचा (तारांना खालून आधार देणाऱ्या भागाचा) पाय लाकडावर बसतो तो सांधा, पिकअपची वायर ॲम्पला मिळते तो आणि ॲम्प स्पीकरला मिळतो तो. आवाज गळतो तो बहुतेक वेळा इथून. नवी वस्तू आणली तरी गळका सांधा तोच राहतो.

आधी दोन आकडे. चार तारांच्या बासची सर्वांत जाड ई तार ४१ हर्ट्झला वाजते; पाचवी बी तार लावली तर ३१ हर्ट्झला. बहुतेक स्पीकर इतकं खालचं पूर्ण ताकदीनं देतच नाहीत, आणि तरी आपल्याला तो स्वर ऐकू येतो. कारण ८२, १२३, १६४ हर्ट्झ असे त्याचे वरचे अंश ऐकून कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. म्हणून "बास कमी पडतोय" म्हणत ४० हर्ट्झचं बटण पुढे सरकवण्यात फारसा अर्थ नसतो. तिथे ६ डेसिबल वाढवले की ॲम्पकडून चौपट ताकद मागितली जाते आणि स्पीकरचा पडदा दुप्पट हलतो. आवाज फाटतो, भर मात्र पडत नाही. अंगावर येणारा बास ८० ते २५० हर्ट्झमध्ये असतो. तिथे हात घाला आणि ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरनं (खालचे स्वर अडवून वरचे जाऊ देणाऱ्या चाळणीनं) कापून टाका. स्पीकर वाचतो आणि स्वर मोकळा होतो.

आता गिटारकडे. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला, फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो म्हणून ते नाव. त्याची ३४ इंचांची स्केल, म्हणजे नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) ही तारेची मोकळी लांबी, आजही सर्रास चालते. ३० इंची बास हाताला सोपा, पण त्याची ई तार सैल पडते, म्हणून तिथे तार जाड घ्यावी लागते. पाच तारांचा घेत असाल तर स्केलच्या आकड्यावर जाऊ नका, बी तार ऐका. ती ई तारेइतकी घट्ट आणि स्पष्ट वाटली तरच पुढचं बोलणं.

विकत घेताना बास आधी ॲम्पला न जोडता वाजवा. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, कंटाळा न करता. सर्वांत बारीक जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लगेच विरतो का पाहा. त्याला डेड स्पॉट म्हणतात. नेकची, म्हणजे गिटारच्या मानेची, स्वतःची थरथर त्या स्वराशी जुळते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. सेटिंगनं तो जात नाही. हेडस्टॉकला (खुंट्या असलेल्या टोकाला) क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर जागा बदलतो, एवढंच. ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईचा) फिरवायचा नट दोन्ही दिशांना थोडा फिरतो याची खात्री दुकानदाराकडून करून घ्या. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर तो बास तिथेच ठेवा, कितीही देखणा असला तरी.

सेटिंगला लोक घाबरतात, पण क्रम पाळला तर ते काम सोपं आहे. नव्या तारा, मग सूर, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागणं), सर्वांत शेवटी पिकअपची उंची. मधूनच सुरू केलं की आधीचं सगळं बिघडतं. नव्या तारेची एक खोच लक्षात ठेवा : जादा टोक कापण्याआधी तार खुंटीजवळ काटकोनात वाकवा आणि मग वाकवलेल्या भागाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर काही तारांचं वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर घसरतं, आणि कोरी तार मेल्यासारखी वाजते.

नेकचा बाक असा मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, उजव्या हातानं ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ही तारच तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर खिशातलं एटीएम कार्ड काढा; त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. ते कार्ड सहज आत जात असेल तर बाक फार आहे. ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की रॉड ताणला जातो आणि फट कमी होते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावून मोजा. लाकूड सावकाश बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत एकदा बघा.

मग उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात. फटका जोरात असेल तर वर न्या. तंबोऱ्याला जवारी हवी असते, बासला नको. पण झणझण कुठे होते यावरून दोष कळतो. फक्त मोकळी तार झणझणते? मानेच्या टोकाच्या नटची, म्हणजे तारा जिथून जातात त्या पट्टीची, खाच खोल झाली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच होते? नेक फार सरळ आहे, रॉड जरा सैल करा. बाराव्याच्या पुढे? तारा खाली आहेत किंवा बाक जास्त आहे. एकाच जागी होत असेल तर पुढचा फ्रेट वर उचलला गेलाय, तो घासून घ्यावा लागेल. आणि झणझण ॲम्पमधून ऐकूच येत नसेल तर खुशाल सोडून द्या. तिच्या मागे लागून तारा इतक्या उंच करणारे पुष्कळ असतात की पुढे बोटंच दमतात.

इंटोनेशनला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं हलकं बोट लावून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरलेला असेल तर पुढे. त्याआधी सॅडलच्या अगदी पुढे, नेकच्या बाजूला, तार अंगठ्यानं खाली दाबून घ्या. नवी जाड तार तिथे कमानीसारखी उभी राहते, सॅडलवर नीट टेकत नाही, आणि स्वर डळमळतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लोक त्यासाठी तारांचा अख्खा संच फेकून देतात. पिकअपही तारांच्या फार जवळ नेऊ नका. चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर एकाच तारेतून दोन स्वर आल्यासारखं वाटतं. अशा वेळी दोष इंटोनेशनचा नसतो.

गिटार घूंऽऽ करते तेव्हा आधी तिच्यावरचा आवाज शून्यावर आणा. घूं थांबली तर दोष गिटारमध्ये, चालूच राहिली तर केबल किंवा ॲम्पमध्ये. निम्मं शोधकाम तिथेच संपलं. तारांना हात लावल्यावर घूं कमी होणं ठीक आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखाली जाणारी अर्थची वायर तुटली असणार. हात लावल्यावर उलट वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत. आणि बोटांना झिणझिण्या आल्या तर तिथल्या तिथे थांबा, प्लग काढा. प्लगची अर्थपिन तोडून घूं घालवण्याचा आचरटपणा कोणीही करू नये. जॅझ बास, १९६० चा, त्यात दोन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) पिकअप असतात. दोन्ही आवाज सारखे ठेवले की घूं कटते, एक कमी केला की परत येते. ती त्याची जात आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

ॲक्टिव्ह बास, म्हणजे आत बॅटरीवरचा प्रीॲम्प (मुख्य ॲम्पच्या आधीचा छोटा ॲम्प) असलेला, अचानक फाटका वाजू लागला तर नऊ व्होल्टची बॅटरी मोजा. वाजवताना साडेसातच्या खाली गेली असेल तर बदला. केबल खोचली की प्रीॲम्प चालू होतो. म्हणून रात्रभर केबल आत ठेवणाऱ्याची बॅटरी कायम मेलेली.

स्पीकरचा हिशेब थोडक्यात. आठ ओहमचे दोन कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) समांतर जोडले की चार ओहम, चारचे दोन जोडले की दोन. ॲम्पवर किमान चार लिहिलं असेल तर दोनवर तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पला उलट भीती : स्पीकर न जोडता वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच मिळतात, आणि ९७ ऐवजी १०० डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त वाजणारा) स्पीकर घेतला तरी तेच ३ मिळतात. कॅबिनेटची संवेदनशीलता न बघता वॅट मोजणारा ग्राहक दुकानदाराचा फार आवडता असतो. ॲम्प ते कॅबिनेट गिटारची केबल कधीही लावू नका. तिची आतली तार बारीक असते, तापते.

आता डबल बास, आणि ज्या एका गोष्टीवर मला जरा रेंगाळायचं आहे ती. ब्रिजमध्ये पिएझो (दाबातून वीज तयार करणारा) पिकअप बसवला, ॲम्पला जोडला, आणि आवाज आला पत्र्याच्या डब्यासारखा. लोक पिकअपला शिव्या घालतात. पिएझो म्हणजे विजेच्या हिशेबानं एक लहानसा कपॅसिटर, वीज साठवणारा भाग. समजा एक नॅनोफॅरडचा. ॲम्पच्या इनपुटचा रोध त्याच्याशी मिळून आपोआप एक हाय-पास फिल्टर बनतो. तो कुठे कापतो ते काढायचं तर १५९ ला रोध गुणिले कपॅसिटन्स यानं भागा. रोध मेगाओहममध्ये, कपॅसिटन्स नॅनोफॅरडमध्ये. रोध अर्धा मेगाओहम असेल तर उत्तर ३१८ हर्ट्झ. तिथून प्रत्येक सप्तक खाली उतरताना ६ डेसिबल जातात, आणि आपली ई तार तर तीन सप्तकं खाली आहे. म्हणजे तिच्या मूळ स्वराचे १८ डेसिबल इनपुटच्या सांध्यातच गळाले. एक मेगाओहमला कापणी १५९ वर येते, दहा मेगाओहमला १६ वर, म्हणजे ई तारेच्या पुष्कळ खाली. तेव्हा दहा मेगाओहमचा प्रीॲम्प मध्ये घाला, मग पिकअपचं खरं तोंड दिसेल. मिक्सरच्या लाइन इनपुटला, जो साधारण दहा हजार ओहमचा असतो, पिएझो थेट जोडलात तर फक्त टकटक ऐकू येईल. प्रीॲम्पपर्यंतची केबलही आखूड हवी. मीटरमागे १०० पिकोफॅरड धरले तर सहा मीटरच्या केबलनं जवळजवळ ४ डेसिबल आवाज खाल्ला. गिटारच्या चुंबकी पिकअपला लांब केबल वरचा चकाकीचा भाग कापते. पिएझोला ती सगळाच आवाज बारीक करते.

एक तार मोठी आणि एक लहान ऐकू येत असेल तर पिकअपची पट्टी खाचेत सारखी दाबली गेलेली नाही. लाकडाची पातळ चिपटी घालून घट्ट करा, पण ठोकून बसवू नका. जास्त आवळली की आवाज मुका होतो. फीडबॅक (स्पीकरचा आवाज पिकअपमध्ये परत शिरून होणारी घोंघावणी) आला तर आधी प्रीॲम्पवरचं पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण उलटवा, मग हाय-पास वर सरकवा, मग नॉच फिल्टरनं तेवढाच स्वर दाबा. तरीही घोंघावला तर एफ-होलमध्ये (वरच्या पाटीतल्या f आकाराच्या भोकात) फोम.

वाद्य निवडताना "थ्री-क्वार्टर" शब्दाला दचकू नका, मोठ्या माणसांचा सर्वसाधारण बास तोच. प्लायवुडचा बास हवामान आणि फीडबॅक दोन्ही सोसतो; कोरीव लाकडाचा गजानं वाजवला की जास्त बोलतो, पण त्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता लागते. प्रवास आणि मोठा ड्रमसेट असेल तर मी डोळे मिटून प्लाय सांगेन. साउंडपोस्टच्या (आत उभ्या असलेल्या लाकडी खांबाच्या) जागी चीर असलेला कोरीव बास मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीशी स्पर्धा करते. फिंगरबोर्डच्या (तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीच्या) टोकाला स्टीलच्या तारांची उंची जी तारेखाली पाच-सहा, ई तारेखाली आठ-नऊ मिलिमीटर असते. ब्रिजचे ॲडजस्टर (उंची बदलणारे स्क्रू) पूर्ण खाली असूनही याहून जास्त येत असेल तर नेकचा कोन बिघडला आहे.

गुणगुण शोधायची पद्धत एकच. एकानं तो स्वर धरून वाजवायचा, दुसऱ्यानं एकेक गोष्ट हातानं दाबत जायची : पिकअपची लोंबती वायर, ॲडजस्टरची चकती, टेलपीसची (तारांची खालची टोकं अडकवायच्या पट्टीची) तार, एंडपिनचा (जमिनीवर टेकणाऱ्या दांड्याचा) स्क्रू, तारेचं सुटं टोक. काहीच सापडलं नाही तर कडेकडेनं बोटाच्या पेराने टकटक करत फिरा. जिथे आवाज पोकळ आणि सैल येतो तिथे शिवण, म्हणजे पाटी आणि कड यांचा सांधा, सुटली आहे. ती सरसानं मुद्दाम हलकी चिकटवलेली असते, लाकूड फाटण्याआधी शिवण सुटावी म्हणून. तिथे फेव्हिकॉल, सुपरग्लू काहीही लावायचं नाही.

ब्रिज आठवड्यातून एकदा बाजूनं बघा. सूर चढवताना तारा त्याला वरून नेककडे ओढतात आणि तो हळूहळू वाकतो. टेलपीसकडची बाजू वरच्या पाटीशी काटकोनात हवी. तारा जराशा सैल करून, ब्रिज दोन्ही हातांनी वरच्या कडेला धरून, केसभर मागे घ्या. दोन्ही पाय पाटीला पूर्ण चिकटले पाहिजेत. एका पायाखाली कागद सरकत असेल तर पाय घासून बसवावा लागेल. साउंडपोस्ट आत फक्त दाबानं उभा असतो, डिंक नाही, खिळा नाही. त्यामुळे तारा बदलताना एका वेळी एकच काढा. सगळ्या एकदम सैल केल्यात आणि आत काहीतरी खडखडलं, तर तो पडला. मग सूर लावायचा नाही. तारा सैलच ठेवून ब्रिज काढा, बास कुशीवर झोपवा आणि तसाच कारागिराकडे न्या, कारण खांब नसताना तारांचा सगळा भार एकट्या वरच्या पाटीवर येतो आणि ती खचते.