केडगावच्या माळावर

पुण्याहून सोलापूरकडे जाताना वाटेत केडगाव लागतं. निराधार बायका-मुलींना आसरा देणारं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई पुण्यात शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा चालवत होत्या. उपासमार त्यांना नवी नव्हती. आधीच्या एका दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली होती. पुढे भाऊ श्रीनिवास गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले. मागे राहिली तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर पुण्यात, सदनातल्या मुलींचं धर्मांतर होतं या आरोपावरून वादळ उठलं, १८९३ मध्ये सदनाचे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

एवढं सोसलेली बाई दुष्काळी मुलखापासून लांब राहिली असती, तर कुणी नावं ठेवली नसती. रमाबाई गेल्या, आणि सुमारे ३०० मुली-बायकांना वाचवून घेऊन आल्या. एवढ्यांना ठेवायचं कुठे, खाऊ काय घालायचं, याची सोय पुरती झालेली नव्हती. देव पुरवील, हा भरवसा मात्र पक्का होता. आणि त्या भरवशावर त्या केडगावात विहिरी खणून घेत होत्या, शेत लावत होत्या.

संकटातून धीर येतो, धीरातून शील आणि शीलातून आशा, असं येशूचा प्रेषित पौल यानं रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं. रमाबाईंचं नेतृत्व याच क्रमानं घडलं, असं मला वाटतं. म्हणूनच त्यांची आशा स्वतःपुरती उरली नाही. हाडांचा सापळा होऊन आलेल्या मुलीत त्यांना उद्याची शिक्षिका दिसे. मुली विणायला शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवू लागल्या. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन निघालं; बायबलच्या शुभवर्तमानात येशूनं दृष्टी दिलेल्या आंधळ्या बार्तीमयाचं ते नाव. मनोरमानं तिथे ब्रेल शिकवलं. ज्यांना जगानं ओझं मानलं, त्यांच्याकडून कामाची अपेक्षा ठेवणं, हा मला रमाबाईंच्या श्रद्धेचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती मिशन सोपवायचं, तीच आधी गेली. तरी भाषांतर चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं. त्यांचं संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली होती.