हरल्यानंतरचा पहिला महिना

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पराभवातून पक्षानं काय शिकावं’. ग्वाल्हेरात हा विषय निघाला की 1984 आलंच. काँग्रेसचे माधवराव शिंदे आपला गुना मतदारसंघ सोडून शेवटच्या घटकेला लोकसभेला इथून उभे राहिले आणि अटलजी पावणेदोन लाखांनी पडले. समोर पिकले केस बरेच दिसताहेत, तेव्हा तुम्हाला ते दिवस सांगायला नकोत. पण इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट होती. लाटेतल्या पराभवातून शिकण्यासारखं थोडंच हाती लागतं.

मला बोलायचंय 121 मतांवर. 2018 साली ग्वाल्हेर दक्षिणमध्ये, म्हणजे आपल्या लष्कर भागात, भाजपचा उमेदवार 121 मतांनी पडला. दोन पंगतींत जेवून उठतील एवढी माणसं! राज्यातही तेच. भाजपला मतं काँग्रेसपेक्षा किंचित जास्त, पण जागा 109, आणि काँग्रेसच्या 114. इथं बंडखोरी झाली होती हे खरं. पण बंडखोरीचं नाव घेतलं की पुढचं कुणी बघत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

मी एका पक्षासाठी बरीच वर्षं बूथ सांभाळलं. एकदा आमचं हक्काचं बूथ चाळीस मतांनी मागं पडलं. केंद्रात बसलेला आपला एजंट मत देऊन गेलेल्याच्या नावावर पेन्सिलीनं रेघ मारतो, तुम्हाला माहीतच आहे. रेघ नसलेली नावं मी वहीत उतरवली आणि आठवडाभर संध्याकाळी घरोघर हिंडलो. एका वाड्यात आमची चार मतं, पिढ्यान्‌पिढ्यांची. पडली दोन. आजींनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, “मुलाचं नि सुनेचं नाव इथल्या शाळेत, माझं नि यांचं पार नाल्यापलीकडच्या शाळेत. यांचे गुडघे हे असे. तू रिक्षा पाठवतो म्हणाला होतास ना रे?” म्हणालो होतो. पाठवली नव्हती. आजोबा दुपारपर्यंत धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसून होते. ते मला अजून दिसतात.

अशी सदतीस नावं निघाली. कुणाचं नाव यादीतून कापलं गेलेलं, कुणी मुलाकडे पुण्याला गेलेलं, आणि अकरा जण सरळ म्हणाले, नळाला पाणी नाही, मत कशाला द्यायचं? वही घेऊन मी समीक्षा बैठकीला गेलो. तीन तास भितरघात कुणी केला यावर भांडण झालं. ‘वहीत काय आहे?’ असं एकानंही विचारलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली. मुद्दे भराभर सांगतो.

निकालानंतर फॉर्म 20 निघतो. त्यात केंद्रवार मतं असतात. नेत्याच्या भाषणाआधी तो वाचा. मागच्या खेपेला पुढे होतो आणि यंदा मागे पडलो, ती केंद्रं वेगळी काढा. तिथं पहिल्या महिन्यातच जा, नंतर लोकही विसरतात. आणि ज्यानं प्रचार चालवला त्यालाच कारणं शोधायला बसवू नका.

1984 मध्ये देशभरात दोन जागा मिळाल्यावर भाजपनं कृष्णलाल शर्मांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमून कार्यकर्त्यांची मतं मागवली. 1989 च्या 85 जागा त्या अहवालानं आणल्या असं मी म्हणणार नाही, जनता दलाशी समझोता होता, अयोध्येचं आंदोलन होतं. पण आपला रस्ताच चुकला का, हे त्यांनी विचारलं. 1977 मध्ये रायबरेलीत हरलेल्या इंदिराजी त्याच पावसाळ्यात चिखलातून, हत्तीवर बसून बिहारातल्या बेलछीला, दलितांचं हत्याकांड झालेल्या गावी, पोचल्या. समीक्षा बैठकीची वाट बघत बसल्या नाहीत.

वही आज पिशवीत आणलीय. पुढच्या निवडणुकीत वॉर्डात काम करणार असाल, तर चहाच्या वेळी माझ्याकडे या. रकाने कसे आखलेत ते दाखवतो.