गुन्हा कबूल आहे का?

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा लागला की आमच्या तालुक्याच्या कोर्टात ठरावीक भांडणं येतात. नळाची, पार्किंगची, बांधाची आणि वाळवणाची. आज वाळवणाचं एक सांगते. नावं सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून थोडा फेरफारही केलाय.

खाली अंगणात धोतरावर कुरडया घातलेल्या. वरच्या मजल्यावर कुंड्यांना पाणी घातलं, तांबडं पाणी कठड्यावरून ओघळलं आणि दोन ओळी कुरडया वाया गेल्या. खालच्या काकू तरातरा वर गेल्या. शब्दाला शब्द लागला. वरच्या वहिनींचा एकवीस वर्षांचा मुलगा मध्ये पडला, त्याने ढकललं, काकू जिन्याच्या कठड्यावर आपटल्या. कोपर सुजलं. वर "बघून घेईन" हेही झालंच. संध्याकाळी काकू पोलीस ठाण्यात.

ठाणे अंमलदाराने ऐकून घेतलं, दवाखान्यात तपासणीसाठी चिठ्ठी दिली, तिला 'यादी' म्हणतात, एन.सी. नोंदवली आणि एक कागद हातात ठेवला. त्यावर शेवटी एक ओळ असते: कोर्टात दाद मागण्याची समज दिली. काकूंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे हाकलूनच दिलं की हो मला!"

नाही हो. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्हा. गुन्हा आहेच, फक्त पोलिसांनी आपणहून त्याची दखल घेऊन तपास करायचा नाही, वॉरंटशिवाय अटक करायची नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तपासाची, खटल्याची पद्धत नागरिक सुरक्षा संहितेत गेली. तिचं कलम १७४ सांगतं की पोलिसांनी अशी तक्रार वहीत नोंदवावी, तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं, आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे धाडावा. पंधरवड्याची ही अट नवी आहे. तपास हवा असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणायचा, नाहीतर सरळ खासगी फिर्याद करायची, म्हणजे आपणच कोर्टात तक्रार दाखल करायची.

आता शिक्षा. ही कलमं न्याय संहितेची. साधी दुखापत, कलम ११५ पोटकलम २: एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेच्या ३२३ मध्ये हाच दंड हजार रुपये होता. भांडण पेटावं म्हणून केलेली शिवीगाळ, कलम ३५२: दोन वर्षांपर्यंत. "बघून घेईन" ही धमकी, कलम ३५१: तीही दोन वर्षांपर्यंत. पण त्याच रागात "जिवे मारीन" निघालं तर त्याच कलमात सात वर्षांपर्यंतची तरतूद आहे. एका शब्दाचा फरक आहे, तेव्हा जीभ आवरा.

आणि एन.सी.चा कागद देवघरात ठेवून बसू नका. मुदत असते. नुसती दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असलेल्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत कैद असलेल्याला तीन वर्षं. नुसती साधी दुखापत असेल तर वर्ष उलटल्यावर कोर्ट सहसा दारातच अडवतं. पुष्कळ लोक माझ्याकडे येतात ते पुढच्या वाळवणाला!

एन.सी. झाली की कधीकधी दोन्हीकडच्यांना चॅप्टर केसची नोटीस येते. पूर्वीचं कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. घाबरून जाऊ नका. ती शिक्षा नव्हे. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे गावाकडे बहुधा तहसीलदार, शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतात.

एक गैरसमज मात्र पक्का बसलाय. शिक्षा छोटी म्हणजे पोलीस अटक करत नाहीत, असा. तसं नाही. रस्त्यावर बेदरकार गाडी हाकली, न्याय संहितेचं कलम २८१, तर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, पण गुन्हा दखलपात्र. उलट पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र झाली. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा मिळते. दारू पिऊन चारचौघांत गोंधळ घातला तर चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवा. समाजसेवा म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनपगारी.

हा झाला देशाचा कायदा. शिवाय आपल्या राज्याचे कायदे आहेत, आणि रोजच्या जगण्यात तेच जास्त आडवे येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याचं 'एकशे दहा-एकशे सतरा' पोलिसांच्या तोंडी इतकं असतं की लोकांना ते एकच कलम वाटतं. ११० मध्ये सार्वजनिक जागी असभ्य वर्तन, ११७ मध्ये त्याचा दंड, बाराशेपर्यंत. असभ्य म्हणजे काय, हे मात्र पकडणाराच्या नजरेवर फार अवलंबून असतं. बागेत हात धरून बसलेल्या जोडप्यांना हे कलम लावलेलं मी पाहिलंय, आणि मला ते पटलेलं नाही. नाक्यानाक्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स? विनापरवाना असतील तर मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाऊंना कुणी सांगितलेलं दिसत नाही. बंदी असलेली प्लास्टिकची पिशवी सापडली तर पहिल्या खेपेला पाच हजार, दुसऱ्या खेपेला दहा. आणि दारूबंदी कायदा तर १९४९ पासून आहेच. एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना असतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आता परत काकूंकडे. काकू जिद्दीच्या, त्यांनी खासगी फिर्याद केली. मुलाला समन्स आलं. तो पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे मैदानावर पळणारा. तारखेला पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात त्याला कुणीतरी सल्ला दिला: "कबूल करून टाक. पाचशे दंड, नाझरकडे, म्हणजे कोर्टाच्या पैसे घेणाऱ्या कारकुनाकडे भर, पावती घे, मोकळा हो. फार तर कोर्ट उठेपर्यंत बसवतील." कोर्ट उठेपर्यंत कैद ही खरीच शिक्षा आहे. माणूस मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहतो आणि सहाच्या सुमारास घरी जातो. दिसायला काहीच नाही.

पण श्रोतेहो, "गुन्हा कबूल आहे का?" या प्रश्नाला "हो" म्हणालात आणि दंड झाला, की तुम्ही दोषी ठरलात. पाचशे असो की पाच, कागदावर दोषसिद्धी. भरतीत चारित्र्य पडताळणीचा नमुना भरताना तो रकाना समोर येतो. मग लपवावंसं वाटतं, आणि लपवणं अधिक महाग पडतं. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लहान वयातलं किरकोळ प्रकरण असेल तर ते लपवलं तरी नोकरी देणारा ते पोटात घालू शकतो. शकतो, घातलंच पाहिजे असं नाही. म्हणून खटला चालू असो, सुटका झालेली असो, रकान्यात विचारलं असेल तर खरं लिहा.

मुलाला मी बाकावरून उठवलं. त्याच्यापुढे आणखी दोन वाटा होत्या. गुन्हा शाबीत झालाच, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली शिक्षेऐवजी ताकीद किंवा चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड मागता येतो, आणि तशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याच कायद्याचं कलम १२ काढून टाकतं. दुसरी वाट तडजोडीची. साधी दुखापत, शिवीगाळ, साधी धमकी, या तिन्हींत ज्याला त्रास झाला तो तडजोड करू शकतो. तशी झाली की कायद्याच्या नजरेत आरोपी निर्दोष सुटला. पैसे भरून दोषी ठरायचं की माफी मागून निर्दोष सुटायचं, एवढाच हिशेब होता.

काकू तयार नव्हत्या. त्यांना पैसे नको होते, "त्याने वाकून सॉरी म्हणायला हवं" एवढंच. मुलगा दोन तारखा घुम्यासारखा उभा राहिला. तिसऱ्या तारखेला वहिनी स्टीलचा डबा घेऊन आल्या, कुरडयांचा. काकूंनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "चीक नीट शिजला नाही तुझा." मुलगा वाकला. व्हरांड्यातल्या टेबलावर तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिली, दोघांच्या सह्या झाल्या. न्यायाधीश साहेबांनी काकूंना विचारलं, "दबावाखाली नाही ना?" काकू म्हणाल्या, "माझ्यावर कोण दबाव आणतंय!"

कुंड्या अजून तिथेच आहेत. खाली ताटल्या लावल्यात.