बारा नळ्या, एक ठोकळा : स्क्रोल सॉच्या पात्यांचा स्टँड

(दृश्य : काळ्या कापडावर पसरलेली पाती. कॅमेरा अगदी जवळ.)

लांबी पाच इंच. रुंदी जेमतेम एक मिलिमीटर आणि जाडी त्याच्याही निम्म्याहून कमी. हे स्क्रोल सॉचं, म्हणजे लाकडात नक्षी कापायच्या बारीक करवतीच्या मशीनचं, पाच नंबरचं पातं. त्याच्या शेजारी तीन नंबरचं पडलंय. कुठलं कुठलं, ते नुसत्या नजरेनं ओळखायचं म्हटलं तर चष्मा पुसावा लागतो.

पातं मिळतं डझनाच्या पुडीत, जास्त घेतली तर ग्रोसनं, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. पुडी पहिल्याच दिवशी फाटते. मग सगळे नंबर एका ड्रॉवरमध्ये किंवा बिस्किटाच्या जुन्या डब्यात जातात आणि तिथून पुढे जे हाताला लागेल ते मशीनवर चढतं.

(दृश्य : मशीन चालू. तीन मिलिमीटर प्लायवर नऊ नंबरचं पातं. प्लाय उलटी करून दाखवली आहे.)

खालच्या बाजूला हे काय झालंय बघा. तीन मिलिमीटरच्या प्लायला नऊ नंबर लावला. दाते मोठे, प्लाय पातळ. वरून रेघ बरी दिसते, खाली मात्र तंतू उचकटलेत. कोपऱ्यावर पातं वळलंच नाही, कारण तेवढ्या बारीक वळणात त्याची रुंदी मावत नव्हती.

उलटंही होतं. पाऊण इंच जाड सागाला एक नंबरचं पातं लावलं की ते मध्यातून धनुष्यासारखं वाकतं. वर-खाली रेघेवर, पण पोटात कापाची बाजू फुगलेली. गुण्या लावला की कळतं. जोर लावला तर लाकूड करपतं, आणखी लावला तर पातं तुटतं.

सर्वसाधारण हिशेब असा : तीन मिलिमीटरपर्यंत एक ते तीन नंबर. सहा ते बारा मिलिमीटरला पाच. अठरा ते पंचवीसला सात किंवा नऊ. त्याहून जाड असेल तर बारा. साग असेल तर पातं लवकर बदलायचं, कारण सागात सिलिका असते आणि ती धार खाते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, तिच्यातला गोंदही तेच करतो.

(दृश्य : मखराची जाळी. प्रत्येक घरात एक बारीक भोक. पातं भोकातून ओवलं जातं.)

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि पुण्यातली मखरं प्लाय आणि एमडीएफकडे वळली. त्यातली बरीचशी आज लेझर कापतो. काम झटपट होतं, कबूल. पण कड काळी पडते, करपल्याचा वास राहतो आणि एकच कमळ गल्लीतल्या प्रत्येक घरात दिसतं. समोरची ही जाळी हातानं कापलेली आहे. एकेका घरात आधी भोक, मग पात्याचं वरचं टोक सोडायचं, भोकातून ओवायचं, परत आवळायचं, कापायचं, पुन्हा सोडायचं. बिनपिनेचं, म्हणजे टोकांना आडवी पिन नसलेलं पातं मिलिमीटरभराच्या भोकातून जातं. पिनवाल्याला पिन जाईल एवढं मोठं भोक लागतं, म्हणून जाळीकामात बिनपिनेचंच.

अशा कामात पातं बदलणं हा कामाचाच भाग आहे. ते शोधण्यात वेळ जायला लागला की मशीनवर कापड पडतं आणि डिझाइनची फाइल लेझरवाल्याकडे जाते. तसं होऊ नये म्हणून हा स्टँड.

(दृश्य : पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. तुकड्यांचा ढीग. मग हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी.)

सामान फार नाही. टिंबर मार्केटमध्ये चौकटीतून उरलेले सागाचे तुकडे वजनावर मिळतात. आपल्याला हवा दोनशे मिलिमीटर लांब, एकशे तीस रुंद आणि चाळीस जाड ठोकळा. तेवढा जाड नसेल तर अठरा मिलिमीटर प्लायचे दोन थर फेव्हिकॉलनं जोडून चालतात. जाडी छत्तीस भरते आणि तेवढी पुरते.

नळ्यांसाठी विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी कंड्युट. दुकानात 'वीसचा पाइप' म्हणून मागायचा. वीस म्हणजे बाहेरचा व्यास. पाइप तीन मीटरचा असतो, लागतो त्यातला सव्वा मीटरच्या थोडा वर. हलक्या प्रतीचा घेऊ नये. भिंत पातळ असते आणि कापताना नळी अंडाकृती होते.

टेस्ट ट्यूब वापरणारेही आहेत. दिसायला सुंदर, आतलं सगळं दिसतं. पण एकशे पंचवीस मिलिमीटरची आणली तर बूच बसत नाही, कारण पातं एकशे सत्तावीसच्या आसपास. दीडशेची आणली तर पातं आत बुडतं आणि दरवेळी ट्यूब उपडी करावी लागते. शिवाय काच आहे. मशीनच्या टेबलाशेजारी काच नकोच.

लोहचुंबकाची पट्टी तर नकोच नको. पाती त्यावर छान चिकटतात, पण स्वतः चुंबकीय होतात. मग एक उचललं की तीन येतात आणि इतर हत्यारांना धार लावताना उडालेला लोखंडाचा कीस दात्यांना मिशा फुटल्यासारखा चिकटून बसतो.

(दृश्य : ठोकळ्यावर आखणी. पेन्सिल, गुण्या, टोच्या.)

आखणी. लांबीच्या बाजूनं चाळीस, ऐंशी, एकशे वीस, एकशे साठ. रुंदीच्या बाजूनं पुढच्या कडेपासून तीस, पासष्ट, शंभर. चार आडवी, तीन उभी, बारा भोकं. प्रत्येक छेदावर टोच्यानं ठळक खूण, कारण बिटाची टोकदार सुई त्या खुणेत बसली नाही तर पुढचं सगळं सरकतं.

भोकं सरळ नाहीत, मागे झुकलेली आहेत. पंधरा अंश. नळ्या सरळ उभ्या केल्या तर पाती आत कशीही फाकतात आणि नळीवरचा नंबर वाचायला मान खाली घालावी लागते. मागे झुकवल्या की सगळी पाती मागच्या भिंतीला टेकून एका ओळीत पडतात आणि लेबल उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर येतं. पंधराच्या पुढे गेलात तर मागची रांग ठोकळ्याच्या बाहेर लटकते आणि स्टँड मागे कलंडतो.

(दृश्य : पिलर ड्रिल. ठोकळ्याच्या मागच्या कडेखाली पट्टी सरकवली जाते.)

पंधरा अंश साधायला कोनमापक लागत नाही. ठोकळा एकशे तीस रुंद आहे, तेव्हा मागची कड चौतीस मिलिमीटर उचलली की कोन पंधरा होतो. चौतीसची पट्टी रंध्यानं काढा किंवा प्लायचे तुकडे एकावर एक ठेवा. उचलायची मागची कड, पुढची नव्हे. पुढची उचलली की सगळ्या नळ्या कामगाराच्या अंगावर झुकतात. ही गफलत ठोकळा टेबलावर उलटा फिरवल्यानं सहज होते, म्हणून पेन्सिलीनं 'मागे' असं लिहून ठेवावं.

उतारावर ठेवलेला ठोकळा ड्रिलच्या दाबानं पुढे घसरतो. पुढे एक आडवी पट्टी टेबलाला क्लॅम्प करायची, ठोकळा तिला टेकवायचा आणि ठोकळ्यालाही वेगळा क्लॅम्प. नुसत्या हातानं धरू नये.

(दृश्य : फोर्स्टनर बिट लाकडाला टेकतो. भुश्श्याची चकती उठते. मोठा क्लोजअप.)

बिट वीस मिलिमीटरचा फोर्स्टनर, म्हणजे सपाट तळाचं भोक पाडणारा. चपटं बिट इथे चालत नाही आणि साधं पीळदार बिटही नाही. तिरक्या पृष्ठभागावर त्यांचं टोक घसरतं. फोर्स्टनरला बाहेरच्या कडेची धार सावरते. तरी सुरुवातीला एकच बाजू कापते. वीस मिलिमीटरच्या भोकात पंधरा अंशाला ही बाजू पाच मिलिमीटरनं आधी लाकडात शिरते. या पाच मिलिमीटरमध्ये घाई केली की बिट पुढे ढकललं जातं आणि भोक लांबट होतं. हळू, कमी वेगात, पूर्ण गोल कापायला लागेपर्यंत. मग नेहमीच्या दाबानं पंचवीस खोल.

खोलीसाठी ड्रिलचा थांबा लावून ठेवावा. ठोकळा चाळीस जाड आहे, तिरकस भोकाचा सर्वांत खालचा कोपरा साधारण सत्तावीसवर जातो. खाली तेरा उरतात. छत्तीसच्या प्लायला नऊ उरतात, तेही पुरे. पण बिटाची मधली सुई भोकाच्या तळाच्याही पुढे जाते, तेव्हा याहून पातळ लाकूड घेऊ नका.

मुख्य ठोकळ्याला हात लावण्याआधी एका टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून नळी घालून पाहावी. पाइप सगळे अगदी वीसचे नसतात. घट्ट गेली तर नळीचं टोक पॉलिश पेपरनं घासायचं. सैल झाली तर मास्किंग टेपचे दोन वेढे. चिकटवायची गरज नाही आणि फेव्हिकॉलनं पीव्हीसी चिकटतही नाही. प्लंबरचं सॉल्व्हंट सिमेंट फक्त पीव्हीसीला पीव्हीसी जोडतं, लाकडाला नाही. नळी उद्या फुटली तर उपसून दुसरी घालता यावी, एवढं घट्ट पुरे.

(दृश्य : हॅकसॉनं पाइप कापणं. काप सरळ ठेवणारा मायटर बॉक्स.)

बारा नळ्या, प्रत्येकी एकशे पाच मिलिमीटर. पंचवीस ठोकळ्यात जातात, ऐंशी वर राहतात. पातं एकशे सत्तावीस ते एकशे तीस, म्हणजे बावीस ते पंचवीस मिलिमीटर बाहेर डोकावतं. हे मुद्दाम. बिनपिनेच्या पात्याच्या दोन्ही टोकांना दाते नसतात, तिथेच मशीनची पकड बसते. बाहेर येतं ते बहुतांश हेच बोथट टोक. दोन बोटांत धरून उचलता येतं, हात कापत नाही.

हॅकसॉ बारीक दात्यांचा, मायटर बॉक्समध्ये. कापल्यावर नळीच्या आतल्या कडेला बारीक खरखरीत काठ राहतो. तो काढायचाच. गोल कानस किंवा पेन्सिलीला गुंडाळलेला पॉलिश पेपर. राहिला तर बारीक पातं बाहेर काढताना त्याचे दाते त्यात अडकतात आणि पातं कमानीसारखं वाकतं. एकदा मोड आलेलं बारीक पातं पुन्हा सरळ होत नाही.

फोर्स्टनरची सुई भोकाच्या मध्यभागी खळगी ठेवते. बारीक पात्याचं टोक तिथे रुततं. प्रत्येक भोकात सनमायकाची गोल चकती टाकली की प्रश्न मिटतो. नमदा किंवा कापड टाकू नये. ते ओल धरतं.

(दृश्य : रंगीत इन्सुलेशन टेप. नळ्यांवर पट्ट्या.)

लेबल. कागदी लेबल पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये टिकत नाही. इन्सुलेशन टेपचा रंगीत वेढा, त्यावर पक्क्या शाईचं मार्कर, त्यावर पारदर्शक टेप. नुसता नंबर लिहून भागत नाही. एकाच नंबरला एका कंपनीचे दाते बारीक, दुसरीचे मोठे. म्हणून नंबर, दात्याचा प्रकार आणि कंपनी, तिन्ही. रंग दात्याच्या प्रकाराला द्यावा : स्किप टूथ (एकाआड एक दात सोडलेलं) पिवळा, रिव्हर्स टूथ (खालचे काही दाते उलटे) लाल, स्पायरल (पिळलेलं, सगळीकडून दाते) काळा. पुडीवरची छापील पट्टी गुंडाळी करून नळीतच ठेवली तर पुन्हा आणताना दुकानदाराला दाखवता येते.

पुढच्या रांगेत रोजचे नंबर, मागे क्वचित लागणारे. सोनारी करवतीची पातीही याच लांबीची असतात. सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफी हत्यारांच्या दुकानात ती मिळतात आणि पितळ, तांब्याच्या पत्र्याला ती लागतात. त्यांची एक नळी वेगळी. लाकडाच्या पात्यांत ती कधीच मिसळू देऊ नयेत. दिसायला जुळी आहेत.

(दृश्य : बोट पात्याच्या कडेवरून वर-खाली फिरतं. मग मूठभर पाती एका दिशेनं जुळवून नळीत.)

सगळी पाती एका दिशेनं भरायची, मशीनवर जसं लागतं तसं. दात्यांचं तोंड खाली. बोट हलकेच खालून वर नेलं की दाते बोचतात, वरून खाली नेलं की बोट सुळकन जातं, म्हणजे बरोबर. रिव्हर्स टूथला खालचे मोजके दाते उलटे असतात, ते टोक नळीत खाली. एकदा असं भरलं की पुढे दरवेळी बोटानं चाचपावं लागत नाही. उलटं लागलेलं पातं कापत नाही, लाकूड उचलून आपटतं.

नव्या पात्याला तेलाचा हात असतो. भरताना तो पुसून टाकू नका. वापरण्याआधी कापडानं पुसा, नाहीतर प्लायवर डाग पडतो. पावसाळ्यात मशीन ऑइलचं एक बोट कापडावर घेऊन पात्यांच्या जुडीवरून फिरवायचं. खोबरेल तेल नको. थंडीत गोठतं आणि एरवी भुश्श्यात मिसळून चिकट राप धरतो. खरा शत्रू भुसाच आहे. उघड्या नळीत तो साचतो, ओल ओढतो आणि तळाशी गंज सुरू होतो. काम संपलं की स्टँडवर प्लास्टिकचा डबा पालथा घाला, आत सिलिका जेलची पुडी.

पिनवाली पाती या नळ्यांत भरू नका, पिना एकमेकांत अडकतात. प्लायच्या पट्टीला करवतीनं खाचा पाडून ती पिनेवर टांगायची. पट्टी दहा मिनिटांत होते.

(दृश्य : तुटलेल्या पात्यांनी निम्मी भरलेली बाटली.)

आणि तुटलेले तुकडे. घरोघरचा कचरा घेऊन जाणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या ताई तो हातानं वेगळा करतात. तुकडे जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, भरली की झाकण टेपनं बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा : धारदार पाती.