मथळ्यातून गळणारे ‘कथित’

बातमीच्या टेबलावर काही वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मथळा दोन ओळींत बसत नसेल, तर पहिली कात्री ‘कथित’ या शब्दाला लागते. मजकुरात तो शब्द राहतो, पण वाचकाच्या लक्षात राहतो तो मथळा. मीही ही कात्री चालवलेली आहे, म्हणून आज तिच्याविषयीच बोलतो.

११ मार्च २००४ रोजी सकाळी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट होऊन १९०हून अधिक माणसे मारली गेली, तेव्हा सार्वत्रिक निवडणूक तीन दिवसांवर आली होती. स्पेनचे पंतप्रधान आस्नार यांच्या सरकारने बास्क फुटीरतावादी ‘एता’ संघटनेचे नाव घेतले. खुद्द पंतप्रधानांनी मोठ्या दैनिकांच्या संपादकांना फोन केले आणि सरकारवर टीका करणाऱ्या ‘एल पाईस’नेही खास अंकाच्या मथळ्यात एताचेच नाव छापले. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावातही ते आले. पुढे तपास अल-कायदाच्या विचाराने भारलेल्या गटाकडे वळला. गुन्हेगार एता असता, तर सरकारच्या कठोर धोरणाला दुजोरा मिळाला असता. जिहादी असतील, तर इराक युद्धातल्या सहभागाचा जाब द्यावा लागणार होता. त्यामुळे स्फोट कोणी केला हा पोलिसी तपासाचा प्रश्न उत्तर मिळण्याआधीच निवडणुकीचा मुद्दा होऊन बसला, आणि वृत्तपत्रांनी सरकारी माहितीवर विसंबून त्यात आपली शाई खर्ची घातली.

आपल्याकडे मालेगावची उदाहरणे याहून बोचरी आहेत. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, तिथल्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते आणि पकडले गेले तेही मुसलमान तरुणच. ‘सूत्रांनी’ माहिती दिली (सूत्र हा आमच्या धंद्यातला सर्वांत बोलका आणि कधीच तोंडघशी न पडणारा इसम), आणि त्या तरुणांच्या नावांना ‘सिमी’ ही बंदी घातलेली मुस्लिम विद्यार्थी संघटना चिकटली. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याच गावातल्या भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा जण मारले गेले. या वेळी अटक झालेल्यांत एक साध्वी आणि एक लष्करी अधिकारी होते, आणि ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द मथळ्यांत रुळला. ३१ जुलै २०२५ रोजी त्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले.

दोन्ही वेळा आरोप माणसांवर होता आणि विशेषण मात्र अख्ख्या समाजाला किंवा विचारसरणीला लागले. विचारसरणीचा संबंध जोडूच नये, असे मी म्हणणार नाही. हल्लेखोराने स्वतः जाहीरनामा लिहिला असेल, तर तो वाचणे आणि वाचकांना समजावून सांगणे हे पत्रकाराचे कामच आहे. मात्र पुरावा हाती नसताना केवळ नाव, दाढी, कपड्यांचा रंग किंवा हातातले पत्रक पाहून ते नाते जोडणे म्हणजे तपास अधिकाऱ्याची अटकळ आपल्या सहीने छापणे होय.

२०२५च्या निकालानंतर एका वाहिनीवर कोणाचा ‘कट’ उघडा पडला याची चर्चा रंगली, तर दुसऱ्या वाहिनीवर तपास यंत्रणांच्या अपयशाची. भिक्कू चौकात मारल्या गेलेल्या त्या सहा जणांची नावे त्या संध्याकाळी मला पडद्यावर कुठेच दिसली नाहीत.