मळ्यातला वाफा

नोव्हेंबर लागला की गोव्याच्या बार्देश तालुक्यातील साळगाव-पर्रा परिसरातले मळे नव्याने जागे होतात. पावसाळी भाताची कापणी आणि मळणी उरकलेली असते, जमिनीत अजून ओल असते आणि ती ओल उडून जाण्यापूर्वी अळसांदे, म्हणजे गोव्यातली चवळी, पेरून व्हावेत म्हणून घराघरांत घाई सुरू होते. भाताच्या दिवसांत सलग दिसणारी जमीन आता वाफ्यांमध्ये विभागली जाते. तांबडी भाजी, मुळा, वांगी, कांदे, मिरची, रताळी असे सारे एका कुटुंबाच्या लहानशा तुकड्यात मावते.

जमीन अशी वाटून कसण्याची रीत गोव्यात फार जुनी आहे. गावची शेतजमीन गावकरीची, म्हणजे पुढे कोमुनिदाद या नावाने ओळखल्या गेलेल्या गावाच्या सामूहिक संस्थेची असे. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावांच्या चालीरीती फोराल या सनदेत नोंदवल्या, तेव्हाही ही व्यवस्था जुनीच होती. गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातली १९७६ ची दुरुस्ती यांमुळे अनेक कुळांना मालकीचा मार्ग मोकळा झाला आणि पुढच्या पिढ्यांत तेच तुकडे भावाभावांत वाटले गेले.

अशाच एका तुकड्यावर राबणाऱ्या घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे आहेत. मुलगा पणजीला नोकरी करतो, त्यामुळे वाफ्याला पाणी घालायचे ते पहाटे किंवा संध्याकाळी. अळसांद्यांवर मावा दिसू लागला की आजी नातीला घेऊन उजाडण्यापूर्वीच मळ्यात जाते. चुलीतली राख चाळून घेतलेली असते. पानांवर दव असेपर्यंतच ती मारावी लागते, कारण ऊन चढून पाने सुकली की राख चिकटत नाही. पानाची खालची बाजू आधी वर करून धरायची आणि मग चिमूट सोडायची, हे नातीला आता सांगावे लागत नाही.

शिगम्याच्या सुमारास मिरची लाल होऊ लागते आणि एप्रिलमध्ये अंगणभर वाळत पडते. मग पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवणीची, तयारी सुरू होते. कांद्याच्या माळा, वाळवलेली सोलां म्हणजे कोकमाची साले, सुकी मासळी, देठ काढून डब्यात भरलेली मिरची अशी पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच व्हायला हवी. जे घरचे पुरत नाही, ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येते.

मिरग लागला की मळा भाताकडे जातो आणि भाजी परसात येते. माटवावर (मांडवावर) दोडकी आणि पडवळ चढतात, तवशाचा म्हणजे काकडीचा वेल अंगणापर्यंत पसरतो आणि कुंपणालगत सात शिरांची भेंडी उभी राहते. बार्देश-तिसवाडीत नावाजलेल्या या भेंडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरची पहिली तवशी आणि दोडकी मात्र चतुर्थीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या चौकटीसाठी, राखून ठेवलेली असतात. दिवाळीला नव्या भाताचे पोहे होतात. गुळाचे, ताकाचे, दुधाचे, बटाट्याचे असे किती प्रकार करायचे, यावर सासू-सुनेचे दरवर्षी बोलणे होते.

ही सारी व्यवस्था एका घराच्या बळावर टिकत नाही, हे आम्हाला आवर्जून सांगायचे आहे. आजूबाजूचे दहा तुकडे पडीक राहिले, तर मोकाट गुरे, रानडुकरे आणि मोर यांचा सगळा मारा उरलेल्या एका हिरव्या वाफ्यावर होतो. बांध फुटला तर तो एकट्याने घालता येत नाही आणि राखणीच्या पाळ्या लावायला माणसे उरत नाहीत. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले, हे चांगलेच झाले. परंतु तेवढ्याने पडीक जमीन लागवडीखाली येत नाही. अनेक मालक परगावी किंवा परदेशी असतात आणि कसायला दिलेल्या जमिनीवर उद्या कूळ म्हणून हक्क सांगितला जाईल, या धास्तीने ती कोणालाच देत नाहीत. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत शेजारचा वाफा मोजतो. हंगामापुरते लेखी करार करून मालकाला निर्धास्त करणे, हा आम्हाला यातला सर्वांत व्यवहार्य उपाय वाटतो.

यंदा शेजारच्या एका मालकाने आपला तुकडा हिवाळ्यापुरता या कुटुंबाला दिला आहे. तिथे कांद्याची रोपे लावून झाली आहेत आणि दोन्ही तुकड्यांना मिळून एकच कुंपण घालण्याचे काम सुरू आहे.