भिंत इथे, चित्र तिथे

[दृश्य: पहाट. दरी धुक्यात बुडालेली. धुक्याच्या वर फक्त एक मनोरा.]

खालून मोजत या. एक, दोन, तीन... पुरे सहा मजले. प्रत्येक मजल्याच्या माथ्यावर चिमुकल्या कमानींची पट्टी, पदराला झालर लावावी तशी. या कमानींतून आरपार काही दिसत नाही, त्या नुसत्या उठावाच्या. ही रीत उत्तर इटलीतल्या गवंड्यांची. डोंगर ओलांडून ती इथवर आली आणि इथल्या ग्रॅनाइटमध्ये उतरली.

हा सान क्लिमेन चर्चचा घंटामनोरा. गावाचं नाव तऊय. स्पेनच्या ईशान्येला, कातालोनियाच्या पिरेनीज डोंगरात बोईचं खोरं आहे, त्यातलं हे गाव. अख्ख्या खोऱ्याची मिळून एक पालिका आणि वस्ती हजाराच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. पण या हजार माणसांच्या पदरात अकराव्या-बाराव्या शतकातली आठ चर्च आणि दुर्रो गावाच्या वर, उतारावर एकटीच उभी असलेली एक छोटी देवळी आहे. २००० साली ही नऊच्या नऊ जागतिक वारशाच्या यादीत गेली.

[दृश्य: चर्चचा अंतर्भाग. गोल दगडी खांब, लाकडी छत.]

इथल्या एका खांबावर लॅटिनमध्ये रंगवून लिहिलेलं होतं: ११२३ साली, डिसेंबरच्या १० तारखेला रोदाचा बिशप रामोन आला आणि त्याने या चर्चची प्रतिष्ठापना केली. दुसऱ्याच दिवशी, ११ तारखेला, त्याने गावातल्याच सांता मारिया चर्चचा विधी उरकला. एका गावात, लागोपाठच्या दोन दिवसांत दोन चर्च! पैसा कुठला? इतिहासकार बोट दाखवतात याच खोऱ्यातल्या एरियच्या सरदारांकडे. आरागोनच्या राजाबरोबर ते दक्षिणेतल्या मुसलमान राज्यांवरच्या स्वाऱ्यांत लढले आणि लुटीतला वाटा घेऊन डोंगरात परतले. त्या वाट्याचे हे मनोरे झाले, आणि आतल्या भिंतींवर रंग चढले.

[दृश्य: वेदीमागची अर्धगोल भिंत. करडी. जवळून: गिलाव्यात निळ्याचा एक ओरखडा.]

हा निळा नीट बघा. आरिनाइट नावाचं खनिज, पिरेनीजच्याच पायथ्याशी सापडणारं. ते कुटून हा रंग केला. या भिंतीवर ख्रिस्त बसलेला होता. मोठे डोळे, उजवा हात वर, डाव्या हातात उघडं पुस्तक आणि पुस्तकावर अक्षरं: ‘मी जगाचा प्रकाश आहे.’ वरच्या कमानीत सात डोळ्यांचं कोकरू. एका बाजूला बायबलातल्या गोष्टीतला, दारात पडलेला गरीब लाजरस आणि त्याच्या जखमा चाटणारं कुत्रं. चितारी कोण होता, त्याने नाव लिहून ठेवलं नाही.

ख्रिस्त बसलेला ‘होता’ असं म्हणतोय, कारण तो आता इथे नाही.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

१९०७ साली बार्सिलोनाहून अभ्यासकांची एक तुकडी डोंगरात शिरली. पुढारी होते वास्तुविशारद पुच इ कादाफाल्क. त्यांनी चर्च मोजली, फोटो काढले, पुढे चित्रांची पुस्तकं छापली. पुस्तकं व्यापाऱ्यांनीही वाचली. १९१९मध्ये इथून दक्षिणेकडच्या मूर गावच्या चर्चमधली चित्रं एका संग्राहकाने विकत घेऊन भिंतीवरून उतरवली, आणि ती पोहोचली थेट बोस्टनच्या संग्रहालयात. तेव्हा कुठे बार्सिलोना खडबडून जागं झालं. उरलेली चित्रं देशाबाहेर जाऊ द्यायची नाहीत, असं तिथल्या संग्रहालय मंडळाने ठरवलं. उपाय शोधला तो असा की, ती आपणच काढून न्यायची.

[दृश्य: कापड, खळ, ब्रश. हातांचे जवळचे दृश्य.]

त्यासाठी इटलीहून कसबी कारागीर आले होते. हे काम कसं चालतं, ते सावकाश बघण्यासारखं आहे.

आधी चित्रावरची धूळ साफ करायची. मग जनावरांच्या कातडीपासून केलेली सरस गरम करायची, पातळ सुती कापड तिच्यात भिजवायचं आणि ख्रिस्ताच्या तोंडावर डकवायचं. सुरकुती राहता कामा नये. त्यावर दुसरं, जाडसर कापड. मग थांबायचं. डोंगरातल्या दमट हवेत सरस वाळायला वेळ लागतो. वाळली की ती आकसते, आणि आकसताना भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा स्वतःकडे ओढते. आता कडेने चीर द्यायची, एक कोपरा सोडवायचा आणि खेचायचं. हळूहळू, एका दमात नाही. कापडाबरोबर रंग सुटून येतो, भिंतीवर गिलावा राहतो.

चेहरा कापडाच्या आत, उलटा. त्या कापडाची वळकटी करायची. वळकट्या पेट्यांत, पेट्या खेचरांच्या पाठीवर, आणि खेचरं दरीच्या वाटेने खाली. बार्सिलोनात पोचल्यावर मागून नवं कापड चिकटवायचं, पुढचं कापड गरम पाण्याने सोडवायचं आणि अर्धगोल भिंतीच्या मापाचा लाकडी सांगाडा करून त्यावर चित्र ताणायचं. १९२३पर्यंत या भागातली प्रमुख चित्रं उतरवून झाली होती. आज ती बार्सिलोनाच्या मोंजुईक टेकडीवरच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत.

वाचली, हे खरंच. पण कुठून वाचवली, तेही लक्षात ठेवायला हवं.

अजिंठ्याचं आपल्याकडे उलटं झालं. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. नकला गेल्या, अस्सल भिंतीवर राहिलं. तऊयमधून अस्सल गेलं, नकला राहिल्या.

[दृश्य: एरिय ला वायच्या चर्चमधला लाकडी मूर्तिसमूह.]

याच खोऱ्यातल्या एरिय गावातही तेच. ख्रिस्ताला क्रुसावरून खाली उतरवतायत. एकाने कंबरेला मिठी घातली आहे, निखळलेला हात लोंबतोय. या सातही मूर्ती नव्या आहेत. अस्सल सातांपैकी ख्रिस्ताची आई मारिया आणि शिष्य योहान बार्सिलोनात असतात, उरलेले पाच विक शहरात. आई एका गावाला, मुलगा दुसऱ्या.

[दृश्य: रात्र. डोंगरावरून उतरणारी मशालींची रांग.]

एक गोष्ट मात्र कुणाला खरवडून नेता आली नाही. उन्हाळ्यात, जून-जुलैच्या रात्री, गावकरी पाइनच्या ओंडक्यांच्या पेटत्या मशाली खांद्यावर घेऊन डोंगरावरून गावात उतरतात. या मशालींना फायेस म्हणतात. २०१५मध्ये युनेस्कोने या आगीच्या सणांचीही नोंद घेतली.

[दृश्य: शेळ्या-गुरांचे बंद गोठे, हॉटेलच्या पाट्या, स्कीची दुकानं.]

गुरं कमी झाली, तरुण शहरात गेले. स्की आली, पर्यटक आले, गोठ्यांची हॉटेलं झाली.

[दृश्य: पुन्हा सान क्लिमेनचा अंतर्भाग. अंधार.]

या भिंतीवर बरीच वर्षं चित्राची नक्कल होती. ती काढली, तेव्हा खाली मूळ रंगाचे तुकडे निघाले. खेचताना सुटले नव्हते ते. मग २०१३मध्ये वेगळीच युक्ती केली. नक्कल पुन्हा रंगवायची नाही, भिंतीवर प्रकाश टाकायचा.

[निवेदन थांबते. प्रक्षेपण सुरू.]

आधी रेघा येतात. मग लाल, मग पिवळा, मग तो निळा. डोळे सगळ्यांत शेवटी भरल्यासारखे वाटतात. काही मिनिटं अख्खी भिंत भरलेली असते, बाराव्या शतकात होती तशी.

[प्रक्षेपण संपते. भिंत करडी. बाकांवरची माणसं उठतात.]

दार उघडतं. बाहेर पुढची तुकडी तिकिटं हातात धरून उभी आहे. कोपऱ्यातला निळा ओरखडा, दिवे लागल्यावर, पुन्हा दिसायला लागतो.